माईक मुका झाला म्हणजे बिघडला का?

कालपर्यंत व्यवस्थित चालणारा माईक आज आवाजच घेत नाही. मीटिंगमधले सगळे ‘तुमचा आवाज येत नाहीये’ म्हणून सांगतात आणि आपण माईकवर टिचक्या मारत ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. मग ऐकीव सल्ले सुरू होतात. त्यातले नेहमीचे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : आवाज येत नाही, म्हणजे माईक गेला.
वस्तुस्थिती : आधी चाचणी घ्या. विंडोज 11 मध्ये सेटिंग्जमधल्या ‘साउंड’मध्ये जा, ‘इनपुट’खाली दिसणाऱ्या माईकच्या नावावर क्लिक करा, ‘स्टार्ट टेस्ट’ दाबून बोला. बोलताना पट्टी हलली, तर माईक आणि वायर ठीक आहेत; दोष झूम, ब्राउझर किंवा रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये शोधायचा. पट्टी ढिम्म राहिली, तर हेडसेटच्या वायरवरचं किंवा कीबोर्डवरचं म्यूटचं बटण, पिन आणि पुढे दिलेल्या परवानग्या बघा.

गैरसमज २ : अपडेटनंतर बंद पडला, आता विंडोज पुन्हा टाकावं लागणार.
वस्तुस्थिती : बऱ्याचदा फक्त परवानगी बंद असते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘मायक्रोफोन’ उघडा. वरचं मुख्य बटण, ॲप्सचं बटण आणि डेस्कटॉप ॲप्सचं बटण, तिन्ही चालू हवीत. मॅकवर 2018 च्या मोहावे आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला अशी परवानगी लागते. घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल, तर रेकॉर्डिंग चालू दिसतं आणि फाइलमध्ये मात्र नुसती शांतता असते. ब्राउझरमध्ये प्रत्येक वेबसाइटची परवानगी पुन्हा वेगळी. ड्रायव्हरचाच संशय असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून माईक अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, विंडोज सहसा तो आपणहून परत बसवतं.

गैरसमज ३ : कॉम्प्युटरला माईक एकच असतो.
वस्तुस्थिती : लॅपटॉपचा आतला, वेबकॅमचा, ब्लूटूथ हेडफोनचा, असे तीन-तीन माईक एकाच वेळी जोडलेले असू शकतात. नवं काही जोडलं की निवड आपोआप बदलू शकते. हेडफोन कानातून काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवले, तरी ते जोडलेलेच राहतात. आपण लॅपटॉपकडे बघून बोलतो आणि कॉम्प्युटर त्या कोपऱ्यातून ऐकत असतो. शिवाय झूमसारख्या ॲपची माईकची निवड स्वतंत्र असते. तीही बघावी.

गैरसमज ४ : पिन बसली, म्हणजे माईक जोडला गेला.
वस्तुस्थिती : मोबाइलच्या इअरफोनची 3.5 मिलिमीटरची पिन नीट बघा. तिच्यावर तीन आडव्या रेघा दिसतील, म्हणजे पिनचे भाग चार. त्यातला एक माईकचा. डेस्कटॉपला मात्र बहुधा दोन वेगळी सॉकेट असतात : हिरवं ऐकण्याचं, गुलाबी माईकचं. तिथे हा इअरफोन थेट लावला तर आवाज ऐकू येईल, पण जाणार नाही. त्यासाठी दोन पिनांत विभागणारा स्प्लिटर लागतो.

गैरसमज ५ : आवाज बारीक जातोय, बूस्ट पूर्ण वाढवा.
वस्तुस्थिती : बूस्टने आपल्या आवाजाबरोबर पंख्याची घरघरही वाढते. त्यापेक्षा माईक तोंडाजवळ आणावा. आवाज मध्येच गायब होत असेल, तर ॲपची ‘नॉइज सप्रेशन’ सोय तपासा. तंबोऱ्याच्या सलग सुराला ती गोंगाट समजून दाबते. ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांसाठी झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय आहे.

गैरसमज ६ : माईकच्या भोकात टाचणी फिरवली की कचरा निघतो.
वस्तुस्थिती : लॅपटॉपच्या त्या बारीक भोकामागे माईकचा अतिशय नाजूक पडदा असतो. टाचणीने तो फाटला, तर चांगला माईक कायमचा जाईल. बाहेरून कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकणं पुरे.

हे सगळं करूनही आवाज आला नाही, तर बाहेरचा माईक दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही तो मुकाच राहिला, तरच नव्या माईकसाठी खिशात हात घाला.