बेदाणा

यंत्रावर उलटे आकडे सुरू होतात. पाच, चार, तीन. मावशींचं बोट अजून हवेतच आहे, टोकावर मोहरीएवढा लाल थेंब. आकडा उमटायच्या आत त्यांचा कबुलीजबाब सुरू होतो, "काल नातीचं बारसं हुतं. अर्धीच जिलबी घेतली बघा. सून ऐकंना."

२४३.

आम्ही अकरा जण गप्प. मिरजेतल्या एका दवाखान्याच्या माडीवरची ही खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्यात, पंखा टकटकतोय, पलीकडच्या गल्लीत कुणीतरी तंबोरा जुळवतंय, तीच तार पुन्हा पुन्हा. रविवारची सकाळ, मधुमेहींच्या ध्यानवर्गाची आठांपैकी चौथी बैठक. मावशींची ती घाई मला ओळखीची आहे. मीही नऊ वर्षांचा जुना गडी. आकडा वाईट आला की पट्टीच खराब असेल म्हणून दुसरं बोट टोचतो. चांगला आला की पट्टीवर कधी संशय घेत नाही.

"मावशी, आत्ता मनात काय चाललंय?" ताई विचारतात. ताई समुपदेशक. गोळ्यांचं बघायला खाली डॉक्टर आहेत, आणि हा आकडा जाताना त्यांना दाखवायचाय, हे ताईंनी आधीच बजावलंय.

"चालायचं काय? वाटुळं करून घेतलं मी जिवाचं."

"त्याला पुढं जोडा, 'असं मन म्हणतंय.'"

"वाटुळं करून घेतलं मी जिवाचं... असं मन म्हनतंय." मावशी थांबतात. मग पदर तोंडाला लावून हसतात. "लई बडबडं हाय की वो हे!"

एवढंच. विचार खोडायचा नाही, हुसकायचा नाही, जरा पलीकडच्या खुर्चीवर बसवायचा. पहिल्या रविवारी मला हा शब्दांचा खेळ वाटला होता. थोडा अजूनही वाटतो. पण '२४३' आणि 'मी नालायक' हे मी इतकी वर्षं एका दमात म्हणत आलोय, ते ध्यानात आलं इथंच.

त्याच रविवारी वीस प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रातल्या लोकांनी १९९५च्या सुमारास तयार केलेला. पथ्य किती पाळता, ही चौकशी त्यात नाहीच. पुढं काय काय होईल याची धास्ती वाटते का, या दुखण्यात एकटं पडल्यासारखं वाटतं का, रोज रोज शुगर सांभाळून शिणलात का, असे प्रश्न. शंभरात चाळीस भरले की त्रास मोठा धरतात. माझे सव्वाएक्कावन्न. गणितात कधी एवढे पडले नव्हते.

"ह्यानं शुगर उतरते का, तेवढं सांगा." बँकेतून निवृत्त झालेले काका हे दर रविवारी विचारतात, जसं काही व्याजदर बदलला असेल.

ताई आडपडदा ठेवत नाहीत. नेदरलँड्समध्ये १३९ मधुमेहींवर असाच आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. २०१३ साली निकाल छापून आला. मनाचा ताण कमी झाला, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये मात्र ठळक फरक नाही. कॅलिफोर्नियात ८१ जणांना एका दिवसाचं शिक्षण दिलं, २००७चा अभ्यास. निम्म्यांना नुसती आजाराची माहिती, बाकीच्यांना त्यासोबत नकोशा विचारांना जागा द्यायला शिकवलं. तीन महिन्यांनी या दुसऱ्या गटात शुगर आटोक्यात आलेले जास्त निघाले.

"म्हणजे नक्की काही नाही," काका वहीत टिपतात.

मला ताईंचं हे हातचं न राखणं आवडतं. शुगर उतरवायची आणखी एक गोळी म्हणून डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांपुढंही आकडाच नाचणार.

मग वाटी फिरते. प्रत्येकाला एक बेदाणा. तळहातावर घ्यायचा आणि जन्मात पहिल्यांदा दिसतोय असा बघायचा.

"मला नगं," मावशी हात मागं घेतात. "आत्ताच दोनशे त्रेचाळीस झाली."

"खायलाच पाहिजे असं नाही. आणि तो अर्ध्या ग्रॅमचाही नसेल, मावशी. नुसता बघा."

मावशी बेदाणा घेतात आणि दोन बोटांत धरून खिडकीकडं करतात. "पहिल्यांदा कसा बघू? तासगावकडं बावीस वरसं निवडलाय. ह्यो शेडमधला हाय. उन्हात वाळीवला असता तर काळवंडला असता. गंधकाची धुरी दिलीया, म्हणून असा हिरवट-पिवळा."

ताई काहीतरी सांगायला तोंड उघडतात आणि मिटून घेतात. वहीतलं सोडून काकाही आता मावशींच्या हाताकडं बघतायत. अंगठ्याच्या कडेला जुना घट्टा आहे. तो बेदाण्यावरून हळू फिरतो, एका जागी थबकतो.

"देठ ऱ्हायलाय."

नखानं त्या तो खुडतात. सुताएवढा देठ कुठं टाकावा कळेना, म्हणून पदराच्या टोकात ठेवतात. तंबोऱ्याची तार पुन्हा एकदा वर चढते. मावशी बेदाणा जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात. चावत नाहीत. बराच वेळ गालात नुसता घोळवतात.

"कसा लागतोय?" ताई हळूच विचारतात.

"आंबट हाय की!" मावशींचे डोळे उघडतात. "कामावर तोंडात टाकायची सोय न्हवती. आन् घरी यायचा त्यो पोरांस्नी."