संगणकाचा द्वारपाल

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली नांदवणारी मंडळी पुष्कळ आहेत. यंत्र सुरू केले की पडद्यावर एक यादी येते, आपण बाणाच्या कळीने निवड करतो आणि कामाला लागतो. पुढे कधी तरी विंडोज बिघडते म्हणून ते नव्याने बसवावे, आणि पाहावे तो यादीच नाही! यंत्र काही विचारत नाही, सरळ विंडोजमध्ये शिरते. मग मनुष्य घाबरतो. लिनक्सकडे ठेवलेला प्रबंध, हिशेब, फोटो, सगळं गेलं असं त्याला वाटतं.

श्रोतेहो, विंडोज बसवताना त्याच्याच विभागाला हात लावला असेल, तर बहुधा काहीही गेलेले नसते. खरे नुकसान होते ते पुढच्या घाईने. 'आता सारंच पुसून पहिल्यापासून बसवू' म्हणून डिस्क फॉरमॅट केली, की प्रबंध खरोखरच गेला.

मग हरवले काय? तर द्वारपाल. वीज मिळताच यंत्र आधी एका लहानशा प्रोग्रॅमला हाक मारते आणि तो कार्यप्रणालीला उठवतो. याला बूटलोडर म्हणतात. लिनक्सचा बूटलोडर बहुधा 'ग्रब' असतो. जुन्या बायॉस पद्धतीत त्याला जागा मिळे ती डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत. त्यातलेही ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला आणि २ खुणेला गेले की उरतात ४४६. पोस्टकार्डावरचा मजकूर म्हणा ना! तेव्हा तिथे ग्रबचे फक्त डोके बसते, बाकीचा देह दुसरीकडे असतो. विंडोज नव्याने बसले की या जागी स्वतःचा मजकूर लिहिते आणि ग्रबचे डोके उडते. उलट, कोणी लिनक्सचा विभागच पुसला तर डोके राहते, पण देह जातो. मग काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' ही अक्षरे येतात आणि विंडोज शाबूत असूनही उघडत नाही.

नव्या यूईएफआय पद्धतीत कारभार पुष्कळ सुटसुटीत आहे. डिस्कवर एक लहान स्वतंत्र विभाग असतो, त्यात प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या फोल्डरमध्ये आपला बूटलोडर ठेवते. कोणाला आधी हाक मारायची तो क्रम मात्र मदरबोर्डच्या स्मृतीत असतो. विंडोज बसताना बहुधा स्वतःला पहिला नंबर देऊन घेते, एवढेच. म्हणून प्रथम यंत्राच्या सेटअपमध्ये जाऊन बूटचा क्रम पाहावा. उबुंटूचे नाव तिथे दिसले तर ते वर न्यावे. पुष्कळदा काम इथेच संपते.

नाव दिसलेच नाही, तर लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह लावावी. इथे एक ठेच नेहमी लागते, बरं का. मूळ लिनक्स यूईएफआय पद्धतीने बसवले असेल, तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू झाली पाहिजे. सुरुवातीच्या यादीत ती पुष्कळ यंत्रांवर दोनदा दिसते. ज्या नावामागे यूईएफआय लिहिले आहे ते निवडावे. ही चूक झाली तर पुढचे सारे श्रम फुकट जातात आणि कारणही चटकन उमगत नाही.

मग विभागांचे आकार पाहून लिनक्सचा विभाग ओळखावा. अंदाजाने हात घालू नये. तो विभाग आणि यूईएफआयचा लहान विभाग जोडून घ्यावा, 'सीएचरूट' या आज्ञेने जुन्या लिनक्समध्ये प्रवेश करावा, आणि उबुंटू किंवा डेबियन असेल तर आधी 'ग्रब-इन्स्टॉल' व मागून 'अपडेट-ग्रब' चालवावे. पहिली आज्ञा द्वारपालाला जागेवर बसवते, दुसरी त्याच्या हाती यादी देते.

एवढे करून यादीत विंडोजच नाही, असेही होते. २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर कार्यप्रणाली शोधण्याचे काम मुळातच बंद ठेवलेले असते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर पुन्हा चालू करून 'अपडेट-ग्रब' परत चालवले की विंडोज यादीत येते.

विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर बूटमध्ये असा फेरफार झाल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती आधीच कागदावर उतरून ठेवावी. त्याच संगणकात ठेवलेली किल्ली त्या वेळी उघडता येत नाही.