श्वान उद्यानाचं यश फाटकावर ठरतं

श्वान उद्यान म्हटलं की आधी उड्यांचे अडथळे आणि बोगदे आठवतात. खरं तर पहिला खर्च फाटकावर हवा. दोन फाटकं, मध्ये छोटी मोकळी जागा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. त्यामुळे पट्टा सोडलेला कुत्रा रस्त्यावर धावत नाही. लहान आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळी आवारं हवीत, कारण मोठ्याने खेळात मारलेली धडकही लहानग्याला जखमी करू शकते. आपल्या पावसात निचराही तितकाच महत्त्वाचा: साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो.

‘माणसांनाच जागा नाही, तिथे कुत्र्यांना कुठून?’ हा आक्षेप रास्त आहे. पण हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला असं उद्यान उभारलं ते पूर्वी कचरा टाकल्या जाणाऱ्या, सुमारे सव्वा एकर जागेवर. शिवाय कुत्र्यांना हक्काची जागा मिळाली, तर मुलांच्या बागेतला वादही कमी होतो. घाण आणि चाव्याची भीतीही खरी. त्यावर उपाय म्हणजे रेबीज लसीच्या दाखल्याशिवाय प्रवेश नाही आणि विष्ठा मालकानेच उचलायची. तुमच्या प्रभागात अशी पडीक जागा असेल, तर नगरसेवकांकडे लेखी मागणी करा.