पत्ते वांटणारी पेटी

सिद्धगड म्हटला कीं, ता. २ जानेवारी १९४३ रोजीं तेथें हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल व हिराजी पाटील यांचें स्मरण होतें. त्यांच्या आझाद दस्त्यानें विजेचे मनोरे पाडून परकी सत्तेस हैराण केलें होतें. आज प्रश्न आहे तो निराळ्या तारांचा. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. तेव्हां गडाच्या पायथ्याशीं एखाद्या शाळेंत वीस संगणक मांडले, तर त्यांची व्यवस्था कशी लावावी, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

पत्त्यावांचून पत्र पोंचत नाहीं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिनकोडाची योजना १९७२ सालीं टपालांत आली. संगणकासही तसाच आंकडी पत्ता लागतो. तो प्रत्येक यंत्रांत हातानें लिहितांना एकच पत्ता दोघांस दिला गेला, तर दोघांचेंही काम अडतें. ‘डीएचसीपी’ या १९९३ सालच्या नियमानें ही यातायात टळली. नवें यंत्र पत्ता मागतें; वांटणारा एक पत्ता सुचवितो; यंत्र तो स्वीकारल्याचें कळवितें; मग तो ठराविक मुदतीनें त्याच्या नांवें होतो. निम्मी मुदत सरली कीं, यंत्र आपण होऊन नूतनीकरण मागतें.

अनेक तारा जोडणाऱ्या कांहीं स्विचपेट्या हें काम स्वतःच करितात. प्रथम पेटीस कायमचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१. छपाईयंत्रासारख्या स्थिर यंत्रांसाठीं पहिले वीस पत्ते राखावे. उरलेले वांटपास ठेवावे. बाहेर जाण्याचें द्वार व नांवें शोधणारा सेवक हेही तेथेंच सांगावे. जेथें ये-जा फार, तेथें मुदत थोडी ठेवावी.

खरा धोका पुढेंच आहे. कोणी घरची दुसरी पेटी त्याच जाळ्यांत जोडली, तर तीही पत्ते वांटूं लागते आणि मुलांचे पाठ बंद पडतात. दुष्ट हेतूनें कोणी तसें केलें, तर सर्वांचा व्यवहार त्याच्या हातून जाऊं शकतो. यास्तव ‘स्नूपिंग’ नांवाचा पहारा लावून केवळ विश्वासाच्या खांचेंतूनच पत्ते येऊं द्यावे.

घरच्या वायफायच्या पेटींतही सामान्यतः हाच वांटणारा बसलेला असतो. संगणकाचा पत्ता १६९.२५४ नें सुरू झालेला दिसला, तर त्यास कोणीच पत्ता दिला नाहीं असें समजावें, आणि कारागिरास बोलावण्यापूर्वीं घरांतील कर्त्या मंडळींनीं तार व पेटी एकदां तपासून पाहावी.