छापलेल्या स्टेनलेस स्टीलमधील अवशिष्ट प्रतिबल आणि थकव्याचे तडे

कोलकात्याचे सॉल्ट लेक हे उपनगर भर घातलेल्या जमिनीवर उभे आहे. १९६० च्या दशकात हुगळी नदीतला गाळ पाण्याबरोबर पाइपांतून आणून इथली खारी दलदल भरून काढली. अशी जमीन हळूहळू खचते आणि सगळीकडे सारखी खचली नाही, तर वरच्या भिंतींना तडे जातात. थ्रीडी प्रिंटरवर स्टीलचा भागही थरावर थर देऊनच तयार होतो, पण तिथली अडचण जवळजवळ उलटी आहे. गाळाचा थर खाली बसायला मोकळा असतो; स्टीलचा थर आक्रसायला मोकळा नसतो.

या पाठात आपण ३१६ एल हे स्टेनलेस स्टील आणि लेसरने पावडर वितळवण्याची पद्धत एवढेच घेऊ. जाड तळपाटीवर साधारण ३० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा पावडरचा थर पसरतात. लेसर त्यातला हवा तेवढा भाग वितळवतो, मग पुढचा थर. वितळलेला धातू सुमारे १,४०० अंश सेल्सिअसवरून क्षणात थंड होतो आणि आकुंचन पावू पाहतो. खालचा थर मात्र आधीच घट्ट झालेला असतो आणि तो त्याला धरून ठेवतो. त्यामुळे वरच्या थरात ओढीचे प्रतिबल उरते. बाहेरचा भार शून्य असतानाही धातूत राहणाऱ्या या प्रतिबलाला अवशिष्ट प्रतिबल म्हणतात.

ते किती मोठे असेल? वही काढा. रोखलेल्या आकुंचनातून येणारे प्रतिबल म्हणजे यंग गुणांक, प्रसरण गुणांक आणि तापमानातील घट यांचा गुणाकार. ३१६ एलसाठी यंग गुणांक १९३ गिगापास्कल आणि प्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे १६ दशलक्षांश धरा. मग प्रत्येक अंशाला सुमारे ३.१ मेगापास्कल येतात. छापलेल्या ३१६ एलची यील्ड स्ट्रेंथ ५०० मेगापास्कल मानली, तर केवळ १६० अंशांचे रोखलेले आकुंचन तिथवर पोहोचायला पुरते. प्रत्यक्षात घट हजार अंशांहून जास्त आहे. म्हणून धातू वाटेतच लवचीकतेची मर्यादा ओलांडतो आणि पृष्ठभागाजवळचे प्रतिबल यील्ड स्ट्रेंथच्या आसपास जाऊन थांबू शकते. आतल्या भागात त्याला तोलणारे दाबाचे प्रतिबल असते, कारण संपूर्ण छेदावरची बेरीज शून्यच यावी लागते. तळपाटीवरून कापताच भाग वर वाकतो, तो हा तोल बिघडल्यामुळे.

आता खरा सापळा. साध्या ताणचाचणीत हे काही दिसत नाही. नमुना यील्ड झाला की अवशिष्ट प्रतिबल बहुतांशी पुसले जाते आणि हाती छान आकडा येतो. नेहमीच्या पत्र्यासाठी मानकाची किमान यील्ड स्ट्रेंथ १७० मेगापास्कल आहे. छापलेला नमुना ४५० च्याही वर जातो. विद्यार्थी खूश होतात. पण मोडलेल्या हाडावर बसवायची पट्टी ३१६ एलची असू शकते, आणि ती एका झटक्यात तुटत नाही. रोज ५,००० पावले धरली तर एका पायावर वर्षाला नऊ लाखांहून जास्त आवर्तने होतात. भाग निकामी होतो तो अशा आवर्तनांनी, म्हणजे थकव्याने.

अवशिष्ट प्रतिबल इथे सरासरी प्रतिबलाचे काम करते. गुडमनच्या सरळ रेषेवर हे लगेच दिसते. समजा, अंतिम सामर्थ्य ६०० आणि थकवा मर्यादा २४० मेगापास्कल आहे. पृष्ठभागावर ३०० मेगापास्कल ओढ आधीच असेल, तर चालणारा आयाम निम्मा, म्हणजे १२० होतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत. भार फार मोठा असेल, तर पहिल्या काही आवर्तनांतच धातू स्थानिक पातळीवर यील्ड होतो आणि अवशिष्ट प्रतिबल सैल पडते. म्हणून त्याचा त्रास लहान भाराच्या, लाखो आवर्तनांच्या थकव्यात अधिक जाणवतो.

दुसरा अपराधी म्हणजे पोकळी. दोन थर नीट वितळून जुळले नाहीत, तर मध्ये चपटी, टोकदार कडांची पोकळी राहते. उभ्या छापलेल्या नमुन्यात ती ओढीला काटकोनात येते, म्हणजे तयार तडाच. मुराकामी यांचे सूत्र पृष्ठभागावरच्या दोषासाठी थकवा मर्यादा देते: १.४३ गुणिले (व्हिकर्स कठीणता अधिक १२०), भागिले दोषाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाचे सहावे मूळ. कठीणता २२० आणि ते वर्गमूळ १०० मायक्रोमीटर घेतले, तर सुमारे २२६ मेगापास्कल येतात; २०० मायक्रोमीटरला सुमारे २०१. सहावे मूळ असल्याने घट हळू होते, पण त्यात ओढीचे अवशिष्ट प्रतिबल मिसळले की उरलेली जागा लवकर संपते.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. उष्णोपचार भाग तळपाटीवर असतानाच करावा. ६५० अंशांना प्रतिबल काही अंशी उतरते, ९०० च्या पुढे बरेचसे. मात्र त्या तापमानाला छपाईतून आलेली सूक्ष्म जाळीही विरघळू लागते आणि यील्ड स्ट्रेंथ घटते. आवर्तनांचा भार असलेल्या भागासाठी हा सौदा मी पत्करेन. उष्णोपचाराने पोकळ्या मात्र बुजत नाहीत. त्यासाठी गरम असतानाच चहूबाजूंनी वायूचा दाब द्यावा लागतो, आणि पृष्ठभागापर्यंत उघडलेली पोकळी त्यानेही बुजत नाही. तिथे यंत्रणकाम करून वरची खरबरीत कातडी काढावी. शॉट पीनिंग सर्वांत शेवटी, कारण नंतर तापवले तर त्याने दिलेले दाबाचे प्रतिबल निघून जाते.

मोजायचे कसे? ३०० मेगापास्कलने स्फटिकातील अणुस्तरांचे अंतर जेमतेम ०.१५ टक्के बदलते, आणि क्ष-किरण विवर्तनात तेवढा बदल टिपता येतो. पण प्रयोगशाळेतले नेहमीचे क्ष-किरण स्टीलमध्ये काही मायक्रोमीटरच शिरतात. छापलेला एक थरही त्याहून जाड असतो. खोलवरचे पाहायचे तर सिंक्रोट्रॉनचे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन लागतात. न्यूट्रॉन स्टीलमध्ये काही सेंटिमीटर जातात. संशोधनासाठी न्यूट्रॉन शलाका ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत आहेत, सिंक्रोट्रॉन इंदूरला आहे. सॉल्ट लेकच्या साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लियर फिजिक्सने तर जपानमधल्या त्सुकुबाच्या फोटॉन फॅक्टरीत भारतीय संशोधकांसाठी क्ष-किरण शलाकामार्ग उभारला.

स्वाध्याय: वरच्या गुडमन उदाहरणात शॉट पीनिंगने पृष्ठभागावर २०० मेगापास्कल दाब आणला, तर चालणारा आयाम किती होईल? आणि पोकळी पृष्ठभागाखाली अर्धा मिलिमीटर असेल, तर त्या उत्तरावर विसंबता येईल का?