मस्जिद बंदरची नामावली

युद्ध म्हटले की आम्हा नगरकरांच्या डोळ्यांपुढे रणगाडा येतो. 1994 साली सुरू झालेले येथील रणगाडा संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. महायुद्धाला समुद्राचीही बाजू होती, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईस गेलो तेव्हा कळले.

माझे चुलते पारनेरहून जाऊन मस्जिद बंदरला हमाली करतात. तेथेच 'इंडियन सेलर्स होम' ही इमारत आहे. खलाशांची उतरण्याची जागा, एवढेच तात्यांना ठाऊक. परवानगी काढून आत गेलो, तर युद्धात बुडालेल्या खलाशांचे स्मारक! पहिल्या महायुद्धातील दोन हजारांवर नावे आणि दुसऱ्यातील 6,469. या दुसऱ्या नामावलीत सुमारे चारशे आरमारातले, बाकीचे व्यापारी जहाजांवरचे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. हीच नामावली चितगावलाही आहे.

व्यापारी जहाजावरचा माणूस सैनिक नव्हे. तो धान्य, कोळसा, दारूगोळा पोहोचवतो. इंग्लंडचे पुष्कळसे अन्न समुद्रावरूनच येई, म्हणून जर्मन पाणबुड्या नेमक्या याच जहाजांवर टपून असत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तेव्हा चारांत साधारण एक माणूस हिंदी होता. डेकवर रत्नागिरीकडचे, वाढपाला गोव्याचे, बॉयलरपाशी पुष्कळदा सिल्हेटचे. टॉर्पेडो फुटे तो जहाजाच्या पोटात, म्हणजे कोळसा ओढणाऱ्यांच्या अगदी जवळ. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास! युद्ध सुरू होताच, 1939 मध्ये, या लोकांनी वाढीव पगारासाठी संप केले; कित्येकांना तुरुंगात जावे लागले.

17 सप्टेंबर 1940 च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज अटलांटिकमध्ये बुडाले. कॅनडास धाडलेल्या इंग्रज मुलांपैकी 77 मुले त्यात गेली. ही हकीकत इंग्लंडात आजही सांगतात. त्याच जहाजावरचे शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही गेले, काही तर नावेत बसल्यावर थंडीने गारठून. मुंबईच्या उकाड्यातून भरती झालेल्या माणसांना ती थंडी कशी सोसावी? एक नाव आठ दिवसांनी सापडली. तिच्यातही बहुसंख्य माणसे हिंदीच होती.

नावे इंग्रजी अक्षरांत आहेत. तात्यांना इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "तू कालेजात शिकतोस ना, मग वाच की मोठ्यानं." मी वाचू लागलो. स्पेलिंग इतके विचित्र की काही नावे दोन-तीनदा उच्चारल्यावर ओळखू येत. एकच नाव पाठोपाठ पुन्हा येई, तेव्हा तात्या विचारीत, "ह्यो दुसरा का तोच?"

"दुसरा, तात्या."

"गोऱ्याच्या चौथाईत गेला व्हय ह्योबी?" त्यांनी मध्येच विचारले. मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत, पण डोक्यावरचे पागोटे काढून त्यांनी काखेत धरले.

दुपारी तात्यांची कामावर जायची वेळ झाली. एवढ्यात माझी जेमतेम दोनशे नावे वाचून झाली होती.