शितावरून भाताची परीक्षा, पण भांडी 650

ब्रिटनमध्ये निवडणूक जवळ आली की तुमच्या मतदारसंघात कोण जिंकणार, याचा अंदाज आधीच छापून येतो. आपल्याला तर कुणी विचारलं नाही, मग यांना कळलं कसं?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती एका भांड्याची. इथे भांडी आहेत 650. 2017 साली यूगव्ह संस्थेनं आठवड्याला सुमारे 50,000 जणांना विचारलं. भागून पाहा, एका मतदारसंघाच्या वाट्याला जेमतेम 77 माणसं येतात. तेवढ्यावर निकाल सांगता येत नाही.

म्हणून हे काम दोन टप्प्यांत करतात. आधी देशभरातल्या उत्तरांवरून मॉडेल शिकतं की वय, शिक्षण, मागचं मत आणि राहण्याचं ठिकाण यांचा आजच्या मताशी काय संबंध आहे. सारख्या वयाची, सारखी शिकलेली दोन माणसं, एक जुन्या खाणगावात आणि एक लंडनमध्ये, वेगवेगळं मत देऊ शकतात. जिथून उत्तरं कमी आली, तिथे मॉडेल तशाच इतर भागांचा आधार घेतं. मग जनगणना वगैरे आकडेवारीवरून तुमच्या मतदारसंघात कोणत्या प्रकारची किती माणसं आहेत ते बघायचं, आणि बेरीज करायची.

त्या वर्षी बहुतेकांना कॉन्झर्व्हेटिव्ह बहुमत दिसत होतं. हे मॉडेल म्हणालं, संसद त्रिशंकू. झालंही तसंच.

पण मॉडेलला माणसांचे प्रकार कळतात, गल्लीतलं राजकारण फारसं कळत नाही. 2024 मध्ये देशभर लेबरची लाट असताना लेस्टर ईस्टची जागा मात्र कॉन्झर्व्हेटिव्हांनी लेबरकडून घेतली. तिथले दोन माजी लेबर खासदार वेगळे उभे होते, मतं फुटली. तेव्हा 'आपल्या भागातले सगळे अमक्यालाच देतात' असं म्हणताना जपून. आकडा भागाचा असतो, शेजाऱ्याच्या मनातला नव्हे.

आणि अंदाज म्हणजे मतदान नव्हे. 2017 मध्येच केन्सिंग्टनची जागा अवघ्या 20 मतांनी ठरली. भारतीय पासपोर्ट असला, तरी इथे कायदेशीर वास्तव्य आणि वय 18 पूर्ण असेल, तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तुम्हाला संसदेसाठी मत देता येतं. घरात सगळ्यांची नावं यादीत आहेत ना, तेवढं आज जेवताना विचारून घ्या.